उडालेला काळा रंग आणि व्यवहाराची पत

नवरात्र बसले की नेवासा फाट्याच्या परिसरात मालवाहू गाड्या धुण्याची लगबग सुरू होते. घोडेगावच्या बाजारातून कांदा घेऊन जाणारे ट्रक, भेंडे व सोनई येथील साखर कारखान्यांच्या गळीत हंगामासाठी सज्ज होणारी वाहने, किराणा, भुसार आणि कापडाच्या पेढ्यांचे टेंपो, साऱ्यांनाच दसऱ्याच्या पूजेपूर्वी न्हाऊनमाखून उभे राहायचे असते. पाण्याचा जोरदार फवारा बसताच वर्षभराची धूळ निघून जाते आणि केबिनचा रंग पुन्हा उजळतो. तथापि गाडी वाळली की एक गोष्ट मालकाच्या डोळ्यांत खुपते. बंपर, आरशांची कवचे, दारांच्या मुठी, पुढील जाळी, चाकांवरील मडगार्ड हे सारे भाग, जे गाडी घेतली तेव्हा काळेभोर होते, ते राखेसारखे पांढुरके दिसू लागलेले असतात. केबिन तरुण आणि बंपर वृद्ध, असा तो विजोड देखावा असतो.

अशा वेळी धुणारा मुलगा कोपऱ्यातील डबा हाती घेऊन विचारतो, "शेठ, काळे मारून देऊ का? अर्ध्या तासात नवी दिसेल."

प्रश्न साधा आहे आणि त्याचा खर्चही किरकोळ आहे. बहुतेक मालक मान डोलावतात आणि पेढीकडे वळतात. परंतु ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या माल, माप आणि शब्द यांवर व्यापार उभा राहिला, त्या घरांनी या 'काळे मारण्या'चा अर्थ एकदा नीट समजून घेणे इष्ट आहे. यात पैसा आहे, चालकाची सुरक्षितता आहे आणि गाडी विकण्याचा दिवस उगवला म्हणजे पेढीची पतही आहे.

काळेपणा जातो कोठे?

जुन्या काळच्या ट्रकचे बंपर लोखंडी असत. त्यांचा रंग उडे तो पोपडे धरून, आणि खाली गंज दिसे. दोष उघड असे आणि उपायही लोहाराच्या व पेंटरच्या हातातला असे. आजच्या गाड्यांत यांपैकी पुष्कळसे भाग प्लास्टिकचे असतात. त्यांत पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचा वापर विशेष होतो. ते हलके असते, धक्का सोसते आणि गंजत नाही. त्याचा काळा रंग वरून दिलेला नसतो. साचा ओतण्यापूर्वीच तो द्रव्यात मिसळलेला असतो.

हा काळा रंग म्हणजे मुख्यतः काजळीचीच अतिसूक्ष्म भुकटी, 'कार्बन ब्लॅक'. नेवासा तालुक्यातील शेतकऱ्याला तिचा गुण ठाऊक आहे, भले नाव ठाऊक नसेल. उसाच्या सरीत अंथरलेल्या ठिबकच्या नळ्या काळ्याच का असतात? त्या प्लास्टिकमध्ये साधारण दोन ते तीन टक्के कार्बन ब्लॅक मिसळलेले असते आणि ते उन्हातील अतिनील किरण शोषून नळीला जपते. म्हणूनच ती नळी उघड्या रानात वर्षानुवर्षे टिकते.

मग गाडीचा बंपर का पांढरा पडतो? एक तर बंपरच्या प्लास्टिकला कडकपणा यावा म्हणून त्यात पुष्कळदा शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्कची पांढरी भुकटी मिसळलेली असते. दुसरे, ऊन आणि हवेतील प्राणवायू मिळून पृष्ठभागावरील प्लास्टिकच्या लांब रेणूंच्या साखळ्या तोडत राहतात. अहिल्यानगर जिल्हा पर्जन्यछायेतला आहे. येथे पावसाचे दिवस थोडे आणि कोरड्या उन्हाचे दिवस फार. ट्रकला सावलीची जागा क्वचितच मिळते. वर्षांमागून वर्षे गेली की पृष्ठभागाची केसाहून पातळ साय झिजते, तिला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि आतील पांढरी भुकटी उघडी पडते. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एका दिशेने परततो. खडबडीत पृष्ठभागावरून तो चोहोकडे विखुरतो. हा विखुरलेला प्रकाश डोळ्याला राखाडी दिसतो. काळा रंग बव्हंशी आतच असतो, त्याच्यावरचा थर तेवढा नासलेला असतो.

याची परीक्षा कोणालाही घेता येते. पांढरट पडलेल्या बंपरवर ओला हात फिरवावा. तो भाग क्षणात काळा दिसू लागतो आणि पाणी वाळले की पुन्हा राखाडी होतो. पाण्याने त्या बारीक भेगा भरल्या, पृष्ठभाग घटकाभर सपाट झाला, म्हणून काळेपणा परतल्यासारखा वाटला. हा साधा प्रयोग ध्यानात ठेवला म्हणजे बाजारातील निम्म्या उपायांचे रहस्य उलगडते. तेल हेच करते. फरक इतकाच, की पाणी पाच मिनिटांत वाळते आणि तेल पंधरा दिवसांत.

पांढरेपणाची आणखी दोन कारणे असतात आणि ती झिजेची नव्हेत. बोअरच्या जड पाण्याने गाडी धुऊन तशीच उन्हात वाळू दिली, तर पाण्यातील क्षारांचे डाग प्लास्टिकच्या रवाळ पृष्ठभागात बसतात. तसेच केबिनच्या पत्र्याला लावलेले पॉलिश कडेच्या प्लास्टिकवर चढले, तर ते रव्यांत वाळून पांढऱ्या रेघा उमटतात. हे दोन्ही दोष केवळ नीट धुण्याने जाऊ शकतात. रोग कोणता हे न पाहता औषध देणे जसे अयोग्य, तसेच कारण न पाहता काळे मारणे अयोग्य.

झटपट उपायांची किंमत

सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जळके ऑइल. इंजिनातून काढलेले काळे तेल फडक्याने बंपरला, मडफ्लॅपला, कधी टायरलाही पुसले जाते. गाडी खरोखर चमकते. दुसऱ्या दिवशी ती फाट्यावरून निघते आणि सायंकाळपर्यंत त्या तेलावर रस्त्याची धूळ बसून चिकट लेप तयार होतो. पुढच्या वेळी तो लेप काढण्यासाठी आणखी कडक पावडर वापरली जाते आणि आधीच नाजूक झालेला पृष्ठभाग अधिक खरवडला जातो. रबराची हानी याहून मोठी असते. डिझेल, रॉकेल वा खनिज तेल नैसर्गिक रबरात मुरते, रबर फुगते आणि त्याचा चिवटपणा जातो. दाराच्या कडेचे बीडिंग सैल पडून पहिल्या पावसात केबिनमध्ये पाणी येऊ लागले, म्हणजे त्या फुकटच्या चमकेची किंमत कळते.

या उपायाची दुसरी बाजू जीवदयेची आहे. वापरलेले इंजिन ऑइल कायद्याच्या दृष्टीने घातक कचऱ्यात मोडते. ते गाडीवरून धुतले गेले की गटारात, तेथून ओढ्यात आणि अखेरीस प्रवरेत पोहोचते. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला की त्या पाण्यातील अगणित सूक्ष्म जीवांचा श्वास कोंडतो. ज्या घरात पाणी गाळून पिण्याचा संस्कार आहे, त्या घराच्या गाडीने नदीत तेल सोडावे, हे विसंगत आहे. वापरलेले तेल साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे देणे हाच त्याचा योग्य मार्ग होय.

बुटाचे पॉलिश, खोबरेल तेल, स्वस्त सिलिकॉनचा फवारा हे सारे याच कुळातले उपाय. काही ठिकाणी गरम हवेच्या यंत्राने प्लास्टिक तापवून काळेपणा आणण्याची युक्ती केली जाते. उष्णतेने पृष्ठभागाची साय किंचित वितळून सपाट होते आणि रंग गडद दिसतो. परंतु उन्हाने झिजलेले द्रव्य त्यामुळे परत येत नाही. काही काळाने राखाडीपणा पुन्हा दिसू लागतो आणि हात जरा अधिक वेळ थांबला तर बंपर वाकडा होतो. ज्योतीची बत्ती घेऊन इंधनाच्या टाकीजवळ हा प्रयोग करणे तर सरळसरळ जिवाशी खेळ आहे.

योग्य क्रम

प्रथम कोणता भाग कशाचा आहे हे ओळखावे. प्लास्टिकच्या भागाच्या आतील बाजूस बहुधा साच्यातच अक्षरे उमटलेली असतात. तेथे 'पीपी' असेल तर ते पॉलिप्रोपिलीन. त्यापुढे 'टी' वा 'टीडी' आणि २० असा अंक असेल तर त्यात वीस टक्के टाल्क आहे, असे समजावे. 'एबीएस' असेल तर द्रव्य वेगळे आणि त्यावर रंग तुलनेने सहज धरतो. भाग मुळातच रंगविलेला असेल, तर उडालेल्या रंगाच्या कडा बोटाला लागतात.

त्यानंतर धुणे. गाडीच्या शांपूचे सौम्य पाणी आणि मऊ केसांचा ब्रश पुरतो. कपड्याची पावडर टाळावी. क्षारांचे डाग असल्यास पाणी मिसळलेला पांढरा व्हिनेगर फडक्याने लावून थोड्या वेळाने भरपूर पाण्याने धुवावा. मग भाग सावलीत पूर्ण वाळू द्यावा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन स्वच्छ सुती कापडाने पुसावे, म्हणजे जुने तेल व सिलिकॉन निघून जाते. हे शेवटचे पुसणे कंटाळवाणे असल्यामुळेच टाळले जाते, आणि पुढचा प्रत्येक थर सोलून निघण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

यानंतर तीन मार्ग आहेत. झीज थोडी असेल तर पाण्यावर आधारित ड्रेसिंग लावावे. ते स्पंजने पातळ लावून उरलेले पुसून घ्यावे. त्याचे आयुष्य काही आठवड्यांचे असते, पण ते निरुपद्रवी असते आणि त्यात अतिनील किरणांना अडविणारे द्रव्य असेल तर पुढील झीज मंदावते. झीज मध्यम असेल तर ट्रिम कोटिंग म्हणून मिळणारा, वाळून कडक होणारा थर द्यावा. तो भेगांत शिरून घट्ट बसतो आणि पाऊस-धुण्याने सहज जात नाही, म्हणून काही महिने, चांगल्या स्थितीत त्याहूनही अधिक टिकतो. झीज फार झाली असेल, डाग एकसारखे निघत नसतील, तर रंगकाम हाच उपाय.

रंगकामात एक तांत्रिक अडचण आहे. पॉलिप्रोपिलीन हे स्वभावतः अलिप्त प्लास्टिक आहे. त्यावर साधा रंग चिकटत नाही. म्हणून घासणीने हलके घासून, पुन्हा पुसून, प्लास्टिकसाठी असलेला प्रायमर देणे अनिवार्य ठरते. त्यावर मॅट किंवा सॅटिन काळ्या रंगाचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हातामध्ये वाळण्यास पुरेसा अवधी ठेवून द्यावेत. तळपत्या उन्हात तापलेल्या बंपरवर रंग मारू नये. जाड एकच हात देणारा कारागीर वेळ वाचवितो, पण तो वाचलेला वेळ पुढच्या वर्षी मालकाच्या खर्चाने वसूल होतो.

लोखंडी भागांची रीत निराळी. गंज पॉलिश पेपरने पूर्ण उतरवून, गंजरोधक प्रायमर देऊन मगच काळा इनॅमल द्यावा. चेसिसला आणि खालच्या लोखंडाला 'ब्लॅक जपान' देण्याची जुनी पद्धत आहे. परंतु गंजावरून मारलेले ब्लॅक जपान गंजाला केवळ पडद्याआड नेते, थांबवीत नाही. रबरी मडफ्लॅप व बीडिंग साबणाच्या पाण्याने धुऊन रबरासाठी असलेले, पाण्यावर आधारित द्रव्य लावावे. टायरच्या बाजूंवर येणारी तपकिरी छटा मात्र बव्हंशी दोष नसते. रबराला हवेतील ओझोनपासून जपणारे द्रव्य आतून हळूहळू वर येते आणि त्याची ती खूण असते. तिच्यावर दर आठवड्याला काळे फासणे म्हणजे पहारेकऱ्याच्या गणवेशावर शाई ओतण्यासारखे आहे.

जेथे काळे लावू नये

चकाकीच्या भरात धुणारा मुलगा हाताला लागेल ते सारे काळे करतो. येथे मालकाने कठोर असावे. केबिनमध्ये चढण्याची पायरी, पकडण्याचा दांडा, पेडल, स्टीअरिंग आणि टायरचा रस्त्याला टेकणारा भाग यांवर कोणतेही तेलकट द्रव्य लागता कामा नये. पहाटे कांद्याची गाडी भरून निघालेल्या चालकाचा पाय त्या तुळतुळीत पायरीवरून घसरला, तर बंपरची शोभा कोणाच्या उपयोगाची? वायपरच्या रबरावर सिलिकॉन लागले तर पहिल्या पावसात काचेवर धूसर पट्टे उमटतात आणि समोरचे वाहन दिसत नाही.

रंगकामापूर्वी दिवे, परावर्तक आणि चमकपट्ट्या मास्किंग टेपने झाकाव्यात. पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल ही पट्टी रात्री उभ्या असलेल्या ट्रकचा एकमेव आवाज असते. मालवाहू वाहनाच्या पिवळ्या पाटीवरील काळी अक्षरे फिकी झाली म्हणून ब्रशने गिरविणेही योग्य नव्हे. उच्च सुरक्षा पाटी खराब झाली असेल तर ती रीतसर बदलून घ्यावी. आरशाला वा बंपरला बांधलेली काळी बाहुली आणि गोंडे दिव्यांच्या वा पाटीच्या आड येत नाहीत ना, हेही पाहावे.

वरून बसविल्या जाणाऱ्या काळ्या लोखंडी संरक्षक चौकटींविषयी विशेष सावधगिरी हवी. अशा क्रॅश गार्ड व बुल बारचा अनधिकृत वापर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा भंग ठरतो, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले होते. अशी चौकट जुनी झाली असेल तर तिला रंग देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ती काढून टाकणे हाच तिचा जीर्णोद्धार.

जमाखर्चाची बाजू

व्यापारी कुटुंबाला घसारा हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आयकराच्या तक्त्यात भाड्याने चालविल्या जाणाऱ्या ट्रकला ३० टक्के, तर स्वतःच्या मालासाठी वापरल्या जाणाऱ्या गाडीला सर्वसाधारणपणे १५ टक्के घसारा आहे. दहा लाख रुपयांच्या गाडीचे पुस्तकी मूल्य पहिल्या दराने तीन वर्षांत ३ लाख ४३ हजारांवर येते. दुसऱ्या दराने ते ६ लाख १४ हजारांच्या आसपास राहते. हा कागदावरचा घसारा वर्षातून एकदा लिहिला जातो. ऊन मात्र आपला घसारा रोज लिहीत असते आणि त्याची वही कोणी तपासत नाही.

विम्याची वहीदेखील पाहावी. मोटार विम्याच्या प्रचलित अटींनुसार नुकसानीचा दावा करताना रबर, नायलॉन व प्लास्टिकच्या सुट्या भागांच्या किमतीतून ५० टक्के घसारा वजा होतो. फायबर ग्लासच्या भागांतून ३० टक्के. काचेतून काही नाही. याचा अर्थ, शून्य घसाऱ्याची पुरवणी घेतलेली नसेल, तर फुटलेल्या बंपरच्या किमतीचा निम्मा भार मालकाच्याच शिरावर येतो. प्लास्टिक ठिसूळ होऊ न देणे हा म्हणूनच शोभेचा नव्हे, तर काटकसरीचा विषय आहे.

हा खर्च बहुधा चालू दुरुस्तीत मोडतो आणि नफा-तोटा पत्रकात जातो. पावती घ्यावी, गाडीचा क्रमांक तीवर लिहून घ्यावा आणि गाडीनिहाय देखभालीची एक वही ठेवावी. गृहीत उत्पन्नाच्या पद्धतीने कर भरणाऱ्यांना हा खर्च वेगळा वजा मिळत नाही. तरीही ही वही त्यांनी ठेवावी, कारण तिचा खरा उपयोग कर भरण्याच्या दिवशी नसून गाडी विकण्याच्या दिवशी होतो.

विक्रीच्या दिवशी

एक उदाहरण समजून घेऊ. असे समजावे की, नेवाशातील एका भुसार व्यापाऱ्याची मालवाहू गाडी नऊ वर्षे चालली आहे. आठ वर्षांनंतर योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते, म्हणून ती विकून नवी घेण्याचे ठरले आहे. नव्या गाडीच्या कर्जासाठी पेढीने मार्जिनची रक्कम उभी करायची आहे आणि ती या विक्रीतूनच यायची आहे. तीन वर्षांपूर्वी गाडीला समोरून धडक बसली होती. बंपर चिरला, तो आतून जोडला. मागचे ब्रॅकेट वाकले, ते ठोकून सरळ केले. आता नुकतेच काळे रंगकाम झाले आहे आणि ती चीर शोधूनही सापडत नाही.

गिऱ्हाईक म्हणून आलेला तरुण जवळच्याच गावचा आहे. इतकी वर्षे त्याने दुसऱ्यांच्या गाड्या चालविल्या. ही त्याची पहिली स्वतःची गाडी असणार आहे. तो गाडीभोवती फिरतो, बंपरवरून हात फिरवितो आणि म्हणतो, "शेठ, गाडी एकदम जपलेली दिसते."

तो चहाला बसला असता मुलगा वडिलांना बाजूला घेतो. "पप्पा, त्याने धडकेचे विचारले नाही. आपण होऊन कशाला काढायचे? गाडी तर नीट चालते आहे. किंमत उतरली तर मार्जिनला कमी पडेल."

मुलाचे म्हणणे अगदीच अवास्तव नाही. गाडी चालते आहे हे खरे, आणि पैसा कमी पडेल हेही खरे. वडील घटकाभर गप्प राहतात आणि विचारतात, "आपण रंग कशासाठी दिला?"

"बंपर पांढरा पडला होता म्हणून."

"मग पांढरा पडला होता, तेवढेच त्याने झाकावे. चीर झाकायला आपण रंग दिला नव्हता. आज गप्प बसलो, तर तोच रंग त्या कामाला लागेल."

ते देखभालीची वही काढतात आणि त्या तरुणासमोर धडकेच्या दुरुस्तीचे पान उघडतात. तरुण वाचतो, विचारात पडतो आणि दोन दिवसांनी येतो म्हणून निघून जातो. उदाहरण येथेच थांबवावे हे बरे. तो परत आला असे लिहिले तर सचोटी हा नफ्याचाच एक प्रकार ठरेल. तो आला नाही असे लिहिले तर ती निव्वळ तोट्यात जमा होईल. प्रत्यक्षात दोन्ही घडते. व्यापाऱ्याने पान उघडताना यांपैकी काय घडेल हे त्याला ठाऊक नसते आणि तरीही त्याला ते उघडायचे असते.

कायदाही या विषयावर मौन नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ नुसार, नुसते न बोलणे ही सर्वसाधारणपणे फसवणूक ठरत नाही. परंतु माहीत असलेली वस्तुस्थिती फसविण्याच्या हेतूने सक्रियपणे दडविणे ही फसवणूक ठरते. रंग देणे आणि रंगाखाली दडविणे यांतील सीमारेषा नेमकी येथे आहे. श्रावकाचाराने तर ती कितीतरी आधी आखून ठेवली आहे. तिसऱ्या अणुव्रताच्या पाच अतिचारांत, खोट्या मापाच्या शेजारीच, 'प्रतिरूपक व्यवहार' सांगितला आहे. म्हणजे हलक्या वस्तूला चांगल्या वस्तूचे रूप देऊन ती खपविणे. धान्यातील भेसळीला तो जसा लागू, तसाच बंपरवरील रंगालाही.

याच नेवाशात, प्रवरेच्या काठी, १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तेथे सापडलेल्या ताम्रपाषाणयुगीन जोर्वे पद्धतीच्या तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगात भौमितिक नक्षी आहे. सुमारे तीन हजार वर्षे मातीत राहूनही ते काळे फटकारे ओळखता येतात. कुंभाराने नक्षी आधी काढली आणि मग भांडे भट्टीत घातले. रंग भांड्याबरोबर भाजला गेला आणि त्याच्याशी एकजीव झाला. भट्टीचा तो ताप न सोसता वरून चोपडलेला रंग इतका काळ टिकला नसता.

ट्रकच्या बंपरला तीन हजार वर्षे टिकायचे नाही. त्याला पुढचा उन्हाळा काढायचा आहे. त्यासाठी नीट धुणे, नीट पुसणे, योग्य थर आणि देखभालीच्या वहीत एक ओळ, एवढे पुरेसे आहे. काम चांगले झाले की नाही हे पाहण्याची रीतही सोपी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी बाहेर पडण्यापूर्वी, मालकाने स्वतः एक पांढरे सुती फडके घेऊन बंपरवर दाबून फिरवावे. फडके काळे झाले, तर गाडीला नुसते काळे फासले आहे असे समजून कारागिराला परत बोलवावे. फडके पांढरे राहिले, तर दसऱ्याचे फूल निश्चिंत मनाने वाहावे.